सार्वत्रिक निवडणूक न जिंकता दोनदा पंतप्रधान: लिओ वराडकर आणि आयर्लंडची संसद

मालवण तालुक्यातल्या वराड गावावरून आलेलं आडनाव लावणारे लिओ वराडकर जून २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि आपल्याकडे त्या बातमीचं मोठं कौतुक झालं. पुढच्या बातम्या मात्र कोड्यात टाकणाऱ्या होत्या. फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला, तरी ते आणखी चार महिने पंतप्रधान होते. मग उपपंतप्रधान झाले. डिसेंबर २०२२ मध्ये, मधे कुठलीच निवडणूक न होता, पुन्हा पंतप्रधान. मार्च २०२४ मध्ये सरकारकडे बहुमत असताना त्यांनी राजीनामा जाहीर केला. पक्षाचे नेते म्हणून त्यांनी एकच सार्वत्रिक निवडणूक लढवली आणि तीत ते मागे पडले.

हे सगळं राज्यघटनेला धरून झालं. कसं, ते कळायला आयर्लंडची मतपत्रिका आणि तिथल्या सभागृहाची बेरीज समजून घ्यावी लागते. या माणसाची कारकीर्द त्यासाठी अगदी योग्य उदाहरण आहे.

## आधी सभागृहाची ओळख

आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहाला ‘डॉल’ म्हणतात, आपल्या लोकसभेसारखं. त्याच्या सदस्याला सगळे ‘टीडी’ म्हणतात. पंतप्रधानाला ‘टीशख’ आणि उपपंतप्रधानाला ‘टॉनिश्ता’ हे आयरिश शब्द आहेत. इथे पंतप्रधान, उपपंतप्रधान असंच म्हणू. वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सेनेटमध्ये, ६० सदस्य असतात. त्यातले ११ पंतप्रधान स्वतः नेमतात. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

आपल्याकडे राष्ट्रपती किंवा राज्यपाल आधी नेत्याला शपथ देतात आणि बहुमत सभागृहात नंतर सिद्ध होतं. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेत क्रम उलटा आहे. आधी डॉलमध्ये नाव मांडून उघड मतदान होतं, आणि ज्याचं नाव मंजूर होईल त्यालाच राष्ट्राध्यक्ष नियुक्त करतात. कोणाला आधी बोलवायचं, हा राष्ट्राध्यक्षांसमोर प्रश्नच येत नाही.

## मत एकच, पण ते पुढे सरकतं

आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून एक नव्हे, तीन, चार किंवा पाच टीडी निवडून जातात. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. आंबे आणायला पाठवलेल्या माणसाला आपण सांगतो ना, हापूस मिळाला तर हापूस आण, तो संपला असेल तर पायरी, तीही नसेल तर केसर. पैसे एकदाच दिलेले, पसंतीचा क्रम मात्र सोबत. तसंच हे.

निवडून यायला लागणाऱ्या मतांना ‘कोटा’ म्हणतात. एकूण वैध मतांना जागांच्या संख्येपेक्षा एकने मोठ्या आकड्याने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा. चार जागा आणि ४०,००० वैध मतं असतील, तर ४०,००० भागिले ५ म्हणजे ८,०००, अधिक १, कोटा ८,००१. चौघांनी कोटा गाठला की उरतात ७,९९६ मतं, म्हणून पाचव्याला तो गाठताच येत नाही.

पहिल्या फेरीत फक्त पहिली पसंती मोजतात. कोट्याहून जास्त मतं मिळालेल्याची वरची मतं, त्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीप्रमाणे, इतरांकडे जातात. कोणीच कोटा ओलांडला नसेल तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढे सरकतात. जागा भरेपर्यंत हे चालतं. शेवटी जेवढ्या जागा तेवढेच उमेदवार उरले, तर ते कोटा न गाठताही निवडून येतात.

महाराष्ट्राला ही पद्धत परकी नाही. राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुका अशाच होतात. १० जून २०२२ ची राज्यसभा निवडणूक आठवा. सहा जागा, सात उमेदवार, २८४ वैध मतं. शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. तरी महाडिक जिंकले, कारण पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं पडली होती आणि त्यांच्या वरच्या मतांची दुसरी पसंती महाडिकांकडे गेली. आपल्याकडे हे गणित आमदार करतात. आयर्लंडमध्ये ते दुधाच्या पिशवीसाठी बाहेर पडलेला मतदारही करतो.

एक फरक मात्र आहे. राज्यसभेत वरची मतं अपूर्णांकात वाटली जातात. डॉलच्या मोजणीत प्रत्यक्ष मतपत्रिका एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात जातात. पहिल्याच फेरीत निवडून आलेल्याच्या सगळ्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार लावतात आणि त्या प्रमाणात ठरावीक पत्रिका वरून उचलतात. नंतरच्या फेरीत कोटा गाठणाऱ्याचा फक्त शेवटी आलेला गठ्ठा पाहिला जातो. कोणत्या पत्रिका उचलल्या गेल्या यावर थोडंफार नशीब अवलंबून राहतं. म्हणून अगदी थोड्या मतांचा फरक असला की फेरमोजणीत दिवस जातात.

मोजणीच्या सकाळी आणखी एक काम चालतं. पेट्या उघडून मतपत्रिका चेहरा वर करून उलगडतात, आकडा जुळतो का पाहतात, आणि तेवढ्यात कठड्याला रेलून उभे असलेले पक्षांचे कार्यकर्ते प्रत्येक पत्रिकेवरचा ‘१’ कोणापुढे आहे ते कागदावर रेघा मारत टिपतात. पेटी कुठल्या रस्त्यांची आहे हे त्यांना माहीत असतं. याला ‘टॅली’ म्हणतात. पहिल्या फेरीचा अधिकृत निकाल यायच्या कितीतरी आधी, कोणत्या गल्लीत आपला माणूस कमी पडला हे पक्षाला कळलेलं असतं. कुठल्याही मतदानोत्तर चाचणीपेक्षा हा आकडा भरवशाचा, कारण तो खऱ्या मतपत्रिकांवरून काढलेला असतो.

## या पद्धतीत राजकारणी घडतो कसा

वराडकरांचा जन्म १८ जानेवारी १९७९ चा, डब्लिनमधला. वडील अशोक वराडकर मुंबईचे, डॉक्टर. आई मिरिअम वॉटरफर्ड परगण्यातल्या, परिचारिका. लिओ ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकशास्त्र शिकले आणि प्रशिक्षणाचा काही काळ त्यांनी परळच्या केईएम रुग्णालयात घालवला.

१९९९ मध्ये, विद्यार्थी असतानाच, विशीतले वराडकर स्थानिक निवडणुकीला उभे राहिले. पहिल्या पसंतीची मतं मिळाली ३८०. पराभव झाला. २००३ मध्ये फिंगल परगण्याच्या कौन्सिलमध्ये जागा रिकामी झाली आणि त्यांच्या फिना गेल पक्षाने त्यांना तिथे बसवलं. स्थानिक कौन्सिलची रिकामी जागा पोटनिवडणुकीने नव्हे, तर त्याच पक्षाने सुचवलेल्या माणसाने भरतात. पुढच्याच वर्षी त्याच कौन्सिलवर ते ४,८९४ पहिल्या पसंतीच्या मतांनी, पहिल्याच फेरीत निवडून आले.

हे अंतर पाच वर्षांत कापलं गेलं ते दारोदार फिरून. बहुसदस्यीय मतदारसंघात आपल्याच पक्षाचा दुसरा उमेदवारही स्पर्धक असतो, त्यामुळे नुसत्या पक्षचिन्हावर कोणी तरत नाही. टीडी आठवड्याला ‘क्लिनिक’ घेतो, म्हणजे ठरलेल्या वेळी बसून लोकांची घराची, पेन्शनची, शाळाप्रवेशाची गाऱ्हाणी ऐकतो. ज्याचं पहिलं मत मिळणार नाही, त्याचं तिसरं तरी मिळावं म्हणून विरोधकाच्या मतदाराशीही गोडीनं बोलावं लागतं. माझ्या मते आयरिश राजकारणाची भाषा तुलनेनं सौम्य राहण्यात या मतपत्रिकेचा वाटा मोठा आहे.

२००७ मध्ये वराडकर डब्लिन वेस्ट या तेव्हा तीन जागांच्या मतदारसंघातून निवडून आले आणि टीडी झाले. जून २०१० मध्ये पक्षनेते एंडा केनी यांना हटवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा वराडकर बंडखोरांच्या बाजूला होते. बंड फसलं. तरीही मार्च २०११ मध्ये सत्ता आल्यावर केनी यांनी त्यांना परिवहन, पर्यटन आणि क्रीडा खातं दिलं. लहान देशात, आघाडीच्या सरकारात, चांगला माणूस बाहेर ठेवणं नेत्याला परवडत नाही.

वराडकर परिवहनमंत्री असताना वाहन परवान्यावरचे दंडाचे गुण पोलिसांकडून परस्पर रद्द होत असल्याचं दोन जागल्यांनी उघड केलं होतं. पोलीसप्रमुखांनी त्यांच्याविषयी कठोर शब्द वापरले होते; मार्च २०१४ मध्ये वराडकरांनी जाहीरपणे जागल्यांची बाजू घेतली आणि ते शब्द मागे घ्यायला सांगितलं. काही दिवसांतच पोलीसप्रमुख पायउतार झाले. मंत्री सरकारी यंत्रणेपेक्षा वेगळं बोलू शकतो, हे लोकांनी पाहिलं. पुढे आरोग्य, मग समाजकल्याण. जानेवारी २०१५ मध्ये, स्वतःच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्याच मे महिन्यात समलिंगी विवाहाच्या बाजूने सार्वमतात ६२ टक्के मतं पडली.

## पक्षाचा नेता कोण ठरवतं?

२०१७ मध्ये केनी यांनी नेतेपद सोडलं. लढत वराडकर आणि सायमन कोव्हनी यांच्यात झाली. फिना गेलमध्ये तीन गटांच्या मतांना वेगवेगळं वजन होतं: खासदारांना ६५ टक्के, सामान्य सदस्यांना २५, नगरसेवकांना १०.

खासदारांच्या ७३ मतांपैकी ५१ वराडकरांना, म्हणजे ७० टक्के. ६५ पैकी सुमारे ४५ गुण. नगरसेवकांत १२३ विरुद्ध १००. १० पैकी साडेपाच. सदस्यांत मात्र कोव्हनी ७,०५१ आणि वराडकर ३,७७२. २५ पैकी जेमतेम पावणेनऊ. बेरीज ६० च्या घरात, आणि वराडकर जिंकले.

सदस्यांनी दोनतृतीयांशाच्या आसपास कौल दुसऱ्याला दिला आणि नेता तिसराच गट ठरवून गेला, हे खटकतं. खटकायला हवंच. पण त्यामागे कारण आहे: पंतप्रधान टिकतो तो डॉलमधल्या मतांवर. ज्यांनी रोज त्याच्यामागे उभं राहायचं, त्यांचा विश्वास नसलेला नेता सदस्यांनी निवडला तर सरकार कोसळतं. वजन किती द्यावं यावर मात्र वाद होऊ शकतो, आणि माझ्या दृष्टीने ६५ टक्के जास्तच होते.

## १५८ जणांच्या सभागृहात ५७ मतांवर पंतप्रधान?

१४ जून २०१७ ला डॉलमध्ये वराडकरांच्या बाजूने ५७ आणि विरोधात ५० मतं पडली. निम्म्याहून जास्त सभागृह म्हणजे ८० मतं लागली असती. पण नियम एवढाच आहे की ‘होय’ ही ‘नाही’पेक्षा जास्त हवीत. दुसरा मोठा पक्ष, फिअना फॉल, मतदानात तटस्थ राहिला.

ही तटस्थता फुकट मिळाली नव्हती. २०१६ च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळालं नाही, तेव्हा दोन्ही पक्षांत लेखी समझोता झाला: पंतप्रधानाची निवड, विश्वासमत आणि तीन अर्थसंकल्प यांत फिअना फॉल आडवा येणार नाही, त्या बदल्यात धोरणांची एक यादी सरकार पाळेल. बाकी विधेयकांवर ते हवं तसं मत देऊ शकत. अशा सरकारला प्रत्येक विधेयकासाठी मतं जमवावी लागतात, त्यामुळे कामं रखडतात. पण ब्रेक्झिटच्या धामधुमीत हाच समझोता वाढवला गेला आणि सरकार टिकलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या विरल इथे ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याशी झालेल्या भेटीत उत्तर आयर्लंडच्या सीमेचा तिढा सुटायला सुरुवात झाली, तेव्हा वराडकरांच्या मागे स्वतःचं बहुमत नव्हतं.

## पक्ष तिसरा आला, तरी खुर्ची सुटली का नाही?

८ फेब्रुवारी २०२० चा निकाल: फिअना फॉल ३८, शिन फेन ३७, फिना गेल ३५. शिन फेनला पहिल्या पसंतीची मतं सर्वांत जास्त होती, पण त्यांनी उमेदवारच ४२ दिले होते. अनेक ठिकाणी त्यांच्या एकमेव उमेदवाराची वरची मतं स्वतःच्या दुसऱ्या माणसाऐवजी इतर पक्षांकडे वाहून गेली.

खुद्द डब्लिन वेस्टमध्ये शिन फेनचे पॉल डोनेली १२,४५६ मतांनी पहिल्या फेरीत आले. पंतप्रधान वराडकरांना मिळाली ८,४७८. कोट्याला थोडीच कमी. पण डोनेलींच्या मतदारांच्या पुढच्या पसंतीत वराडकर क्वचितच होते. ती थोडी मतं जमायला पाचवी फेरी उजाडली.

२० फेब्रुवारीला डॉलमध्ये चार नावांवर मतदान झालं. शिन फेनच्या मेरी लू मॅकडॉनल्ड ४५ विरुद्ध ८४, फिअना फॉलचे मिहॉल मार्टिन ४१ विरुद्ध ९७, वराडकर ३६ विरुद्ध १०७, हरित पक्षाचे एमन रायन १२ विरुद्ध ११५. चौघेही पडले. वराडकरांनी राजीनामा दिला, पण घटना सांगते की वारस नेमला जाईपर्यंत जुन्यानं काम पाहायचं. हे काळजीवाहू दिवस नेमके कोविडचे निघाले. त्या काळात त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी करून आठवड्याला एक पाळीही केली.

काळजीवाहू पंतप्रधान कारभार चालवतो, पण एक गोष्ट त्याला जमत नाही. नव्या सेनेटचे ११ सदस्य नेमण्याचा अधिकार नव्याने नियुक्त झालेल्या पंतप्रधानाचाच असतो. ते ११ नाहीत तर सेनेट पूर्ण नाही, आणि सेनेट पूर्ण नाही तर नवा कायदा होत नाही. मार्चमधले कोविडचे कायदे जुन्या सेनेटने मंजूर केले म्हणून निभावलं. दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या काही तरतुदींना दर वर्षी जूनअखेर दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, म्हणून जून संपायच्या आत सरकार बनणं भाग होतं.

## अडीच वर्षं तू, अडीच वर्षं मी

हे वाचून मराठी वाचकाला २०१९ आठवेल. असं काही ठरलं होतं की नव्हतं, यावरच तेव्हा शिवसेना-भाजप युती तुटली. आयर्लंडमध्ये ते छापील करारात होतं आणि पक्षांच्या सदस्यांनी त्यावर मतदान केलं. फिअना फॉलमध्ये ७४ टक्के, फिना गेलमध्ये ८०, हरित पक्षात ७६ टक्के बाजूने. १९२०च्या दशकातल्या यादवीतून निघालेले दोन परस्परविरोधी पक्ष पहिल्यांदाच एका मंत्रिमंडळात बसले. २७ जून २०२० ला मार्टिन ९३ विरुद्ध ६३ मतांनी पंतप्रधान झाले; वराडकर उपपंतप्रधान आणि उद्योगमंत्री.

समजा, मार्टिन डिसेंबर २०२२ मध्ये उठलेच नसते तर? हा करार कोणत्याही कोर्टात बजावून घेता आला नसता. पण फिना गेलने पाठिंबा काढला असता तर बहुमत गेलं असतं, आणि बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाने राजीनामा द्यावा किंवा डॉल विसर्जित करायला सांगावं, असं घटना म्हणते. त्यातही बहुमत गमावलेल्याची विसर्जनाची विनंती राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या अधिकारात नाकारू शकतात. थोडक्यात, शब्द मोडणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

प्रत्यक्ष हस्तांतर १७ डिसेंबर २०२२ ला झालं. मार्टिन यांनी राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांच्याकडे राजीनामा दिला. पंतप्रधान गेला की सगळं मंत्रिमंडळ गेलं असं घटना मानते, म्हणून नुसती पाटी बदलून भागत नाही. डॉलने वराडकरांचं नाव ८७ विरुद्ध ६२ मतांनी मंजूर केलं, ते नियुक्तीसाठी राष्ट्राध्यक्षांकडे गेले, परतून मंत्र्यांची यादी मांडली आणि तिच्यावर वेगळं मतदान झालं.

वराडकरांचं पद मधल्या काळात धोक्यातही आलं होतं. पंतप्रधान असताना, २०१९ मध्ये, डॉक्टरांशी होऊ घातलेल्या सरकारी कराराचा गोपनीय मसुदा त्यांनी परिचयातल्या, डॉक्टरांच्या दुसऱ्या संघटनेच्या प्रमुखाला दिला होता. ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस ते उघड झालं. त्यांनी डॉलमध्ये माफी मागितली, विश्वासमतही जिंकलं, पण पोलिसांची चौकशी लांबली. जुलै २०२२ मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला, तेव्हाच डिसेंबरचा मार्ग मोकळा झाला.

## मग मतदाराची फसवणूक नाही का झाली?

आक्षेप रास्त आहे: ३५ जागांच्या पक्षाचा नेता पंतप्रधान आणि मतांत पहिला आलेला पक्ष विरोधात. पण आयरिश मतदार पंतप्रधान निवडत नाही, तो डॉल निवडतो. १९९४ मध्येही लेबर पक्षाने साथीदार बदलला आणि जॉन ब्रुटन मधे निवडणूक न होता पंतप्रधान झाले. शिन फेनला कोणी अडवलं नव्हतं. त्यांना ८० च्या आसपास मतं जमवता आली नाहीत, एवढंच.

मग टीडी फुटत नाहीत का? आयर्लंडमध्ये पक्षांतरबंदी कायदा नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं तर पक्ष बाहेर काढतो, पण जागा जात नाही. २०१३ मध्ये गर्भपातविषयक विधेयकावर पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या लुसिंडा क्रायटन यांचं मंत्रिपद गेलं, टीडीपद राहिलं. लोकांनी त्यांना नावानं निवडलं होतं, चिन्हावर नव्हे. मला ही बाजू फार महत्त्वाची वाटते.

## बहुमत हाताशी असताना राजीनामा

मार्च २०२४ मध्ये दोन घटनादुरुस्त्यांवर सार्वमत झालं. आयर्लंडची घटना सार्वमताशिवाय बदलतच नाही. कुटुंबाच्या व्याख्येची दुरुस्ती ६७.७ टक्क्यांनी आणि घरातल्या देखभालीची ७३.९ टक्क्यांनी फेटाळली गेली. सार्वमत हरलं म्हणून पंतप्रधानाने जावं असा नियम नाही. २०१८ मध्ये गर्भपातबंदी उठवणारं सार्वमत ६६.४ टक्क्यांनी जिंकून देणाऱ्या नेत्याला मात्र हा पराभव लागला असणार. २० मार्चला वराडकरांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. कारणं व्यक्तिगत आणि राजकीय दोन्ही असल्याचं सांगितलं.

क्रम पुन्हा तोच. आधी पक्षाला नवा नेता, सायमन हॅरिस. मग ९ एप्रिलला डॉलमध्ये ८८ विरुद्ध ६९ मतं. वराडकरांनी नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक लढवली नाही.

जानेवारी २०२५ च्या नव्या सरकारातही अदलाबदल ठरलेली आहे: आधी मिहॉल मार्टिन, नोव्हेंबर २०२७ पासून सायमन हॅरिस. डॉलमध्ये आता १७४ जागा आहेत आणि नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत फिअना फॉल ४८, फिना गेल ३८ मिळून ८६ च झाल्या. उरलेली मतं अपक्षांनी दिली. अदलाबदलीचा दिवस आला की आधी राजीनाम्याची बातमी पाहा, मग डॉलमधले दोन आकडे, आणि त्या अपक्षांपैकी किती जण ‘होय’मध्ये आहेत ते.